दोन पांढरे डबे : बॅटरीचं ॲसिड सांडलं तेव्हाचं एक प्रकरण

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्या तालुक्याच्या गावातलं एकही गॅरेज धड चालू नसतं. वर्षभराचं ग्रीस खरवडायचं, पाने-पक्कडी डिझेलमध्ये बुडवून पुसायच्या, भिंतीला खालून हातभर चुना फासायचा, अशी धांदल असते. रोज सावकाश होणारं काम त्या दिवशी घाईत होतं. हे प्रकरण त्या घाईतलं आहे.

दुकान इन्व्हर्टर-बॅटरीचं. मालक माझा जुना विद्यार्थी. मी ज्युनिअर कॉलेजात सत्तावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि माझं घर त्याच्या गाळ्याच्या मागच्याच बोळात आहे. आरडाओरडा ऐकून मी पोचलो तेव्हा पाच-सात मिनिटं उलटून गेली होती. त्यामुळे सुरुवातीचं सगळं मी मालक, त्याच्या हाताखालचा पोरगा आणि शेजारच्या वडापावच्या गाडीवरच्या मावशी यांच्याकडून नंतर वेगवेगळं बसवून विचारलं. तिघांचं जिथं जुळत नाही तिथं तसं लिहिलं आहे.

गाळा दहा बाय बारा फुटांचा, उंची दहा. शटर एकच. मागच्या भिंतीत वर एक झरोका, पण धूळ येते म्हणून त्याला पुठ्ठा ठोकलेला. खाली शहाबादी फरशी. डाव्या हाताला चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची मांडणी, उजव्या कोपऱ्यात मोरी. मोरीशेजारी रंगाचे दोन रिकामे डबे, दहा-दहा लिटरचे, दोन्ही पांढरे प्लॅस्टिकचे, दोन्हींवर एकाच रंगाच्या कंपनीचं चित्र. एकात भिंतीला फासायला आणलेली चुन्याची कोरडी भुकटी. दुसऱ्यात टीसीएल. पावसाळ्यात दुकानापुढचं गटार तुंबलं होतं तेव्हा पाणीपुरवठ्याच्या माणसानं "वास मारायला लागलं की टाकत जा" म्हणून दिलेली. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. विहिरीत, पाण्याच्या टाकीत टाकतात ती. आपल्याकडं गावात हे नाव माहीत नसलेला माणूस सापडायचा नाही.

साडेअकराच्या सुमारास दोघं मिळून गिऱ्हाइकाची जुनी ट्युब्युलर बॅटरी हातगाडीवरून मागं नेत होते. दीडशे एएचची बॅटरी ॲसिडसकट पन्नास किलोच्या पुढं भरते. थोड्याच वेळापूर्वी हायड्रोमीटर लावून ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिड पाण्याच्या किती पट जड आहे ते, बघितली होती, 'अकराशे ऐंशी' (म्हणजे १.१८) असं खडूनं वरच लिहिलेलं होतं. झाकणं मात्र नुसती ठेवली होती, पिळली नव्हती. दोन फरश्यांच्या फटीत चाक अडकलं, बॅटरी कुशीवर आली आणि सरळ करेपर्यंत ॲसिड भळाभळा फरशीवर. पाच बाय तीन फुटांचा ओला पट्टा झाला. पातळ थर धरला तरी दोन लिटरच्या आसपास गेलं असणार.

फरशीवर फस्स करून फेस आला. ते पाहून दोघंही घाबरले, खरं तर त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. शहाबादी हा चुनखडक आहे. त्यावर सल्फ्युरिक ॲसिड पडलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, आणि थोड्याच वेळात दगडावर जिप्समचा पांढरा पापुद्रा धरला की फेस आपोआप मंदावतो. पण मालकाला वाटलं फरशी गेली.

"चुना टाक त्याच्यावर, पळ!"

"कुठला, मामा?"

"अरे तो पांढऱ्या डब्यातला!"

पोरगा, वय वर्षं एकोणीस, मोरीकडं धावला. पुढचा डबा उघडला. आत पांढरी भुकटी होती. ओंजळ भरून आणली आणि पट्ट्यावर टाकली. मालक म्हणतो एकदाच, पोरगा म्हणतो दोनदा. फेस वाढला. मालक काउंटरपाशी उभा राहून म्हणाला, "बघ, लागू पडतोय चुना." पोरगा उकिडवा बसून खराट्यानं भुकटी पसरवायला लागला.

वास आला, तो दोघांनाही आला. पण तो ओळखीचा होता. नळाला टीसीएल जास्त झाली की पहिल्या तांब्याला येतो तसा. ओळखीच्या वासाला माणूस भीत नाही. पोरगा खराटा मारतच राहिला. मग एकदम मिरचीच्या फोडणीसारखा ठसका, डोळ्यांची आग, आणि श्वास आत जाईना. तो उठून शटरपर्यंत आला, तोंडावर ओला फडका बांधला आणि राहिलेलं काम संपवायला पुन्हा आत गेला. या दुसऱ्या फेरीनं त्याचं जास्त वाटोळं केलं, असं माझं मत आहे. मालकानं तेवढ्यात मोरीतून बादलीभर पाणी आणून ओतलं. ॲसिड थोडं पातळ झालं असेल, पण न भिजलेली भुकटीही त्या पाण्याबरोबर वाहत ॲसिडात मिसळली.

पहिल्या पाच मिनिटांत शहाणपणाचं काम एकाच माणसानं केलं, ते वडापाववाल्या मावशींनी. "फरशी राहू दे रे, आधी पोराला बाहेर काढ!" म्हणत त्या आत शिरल्या आणि त्याची कॉलर धरून त्याला ओढत बाहेर आणलं. शिरताना श्वास रोखून धरला होता का, असं मी विचारलं. म्हणाल्या, "पदर लावला होता तोंडाला." पदरानं क्लोरीन अडत नाही. पण आत-बाहेर करायला त्यांना दहा सेकंदंच लागली, तिथंच त्या वाचल्या.

मी पोचलो तेव्हा पोरगा रस्त्यावर वाकून खोकत होता आणि त्याला आडवं करावं की बसवावं यावर चार जणांची चर्चा चालली होती. कुणी म्हणत होतं दूध पाजा. धाप लागलेल्याला आडवं करायचं नसतं. त्याला वाऱ्याच्या वरच्या अंगाला, पाराच्या कट्ट्यावर ताठ बसवलं, नळाच्या धारेखाली डोळे चांगले पंधरा मिनिटं धुतले, हातपाय धुतले, ॲसिड उडालेली पँट काढून मालकाची लुंगी गुंडाळली. मग रिक्षानं उपजिल्हा रुग्णालय. तिथं ऑक्सिजन लावला, वाफारा दिला आणि रात्रभर ठेवून घेतलं. संध्याकाळी त्याला बरं वाटत होतं, घरचे सोडा म्हणत होते. डॉक्टरांनी सोडलं नाही, ते बरोबर केलं. क्लोरीनवर उतारा म्हणून औषध नाही, आणि फुप्फुसात पाणी धरायचं असेल तर ते काही तासांनी धरतं, कधी दुसऱ्या दिवशीपर्यंतही. त्याला ते झालं नाही. खोकला मात्र दिवाळीपर्यंत पुरला.

आता त्या डब्याकडं वळू.

चुना आणि टीसीएल एकसारखे दिसतात याला कारण आहे. टीसीएल चुन्याचीच बनते. विरवलेल्या कोरड्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडला की तो चुन्यात धरला जातो आणि भुकटी पांढरीच राहते. १७९९ साली स्कॉटलंडमध्ये चार्ल्स टेनंटनं याचं पेटंट घेतलं. तोवर कापड पांढरं करायला क्लोरीनचं पाणी वापरत आणि ते साठवणं, नेणं म्हणजे डोकेदुखी होती. टेनंटच्या भुकटीमुळं क्लोरीन पोत्यात भरून कुठंही पाठवता यायला लागला. म्हणजे मोरीशेजारच्या एका डब्यात चुना होता आणि दुसऱ्यात क्लोरीन बांधलेला चुना. पहिला ॲसिड मारतो. दुसऱ्यातली गाठ ॲसिडानं सुटते.

ही गाठ कितपत सुटते, हे ठरवायला वेगळा प्रयोग करावा लागत नाही. ब्लीचिंग पावडर ज्या आकड्यावर विकली जाते तो 'उपलब्ध क्लोरीन' म्हणजे ॲसिड घातल्यावर मोकळा होणारा क्लोरीन. आम्ही पोरांकडून प्रयोगशाळेत हेच करून घेतो : पावडरचं पाणी, त्यात पोटॅशियम आयोडाइड, वरून ॲसेटिक ॲसिड. मोकळा झालेला क्लोरीन तिथल्या तिथं आयोडिन बाहेर काढतो आणि ते थायोसल्फेटनं मोजायचं. ताज्या चांगल्या पावडरचा आकडा ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. दमट हवेत झाकण उघडं राहिलं की तो घसरत जातो. या पोरानं तोच प्रयोग फरशीवर केला, फक्त मोजायला आयोडिनऐवजी त्याचं नाक होतं.

डबा माझ्या हाती येईपर्यंत मालकानं ज्याचा त्याला परत केला होता, त्यामुळं तपासता आला नाही. तरी अंदाज बांधू. पावसाळा काढलेली पावडर, म्हणून ताकद २० टक्केच धरू. एक ओंजळ म्हणजे दीडशे ग्रॅम. त्यातून ३० ग्रॅम क्लोरीन निघतो, म्हणजे साधारण दहा लिटर वायू. गाळ्याचं आकारमान १२०० घनफूट, म्हणजे ३४ हजार लिटर. सगळा वायू सुटला आणि सारखा पसरला असं मानलं तर हवेच्या दहा लाख भागांत तीनशे भाग क्लोरीन. कामगार-सुरक्षेच्या अमेरिकी निकषांत 'इथून लगेच बाहेर पडा' ही पातळी दहा लाखांत दहा भागांची आहे. शटर अर्धं उघडं होतं आणि वायू टप्प्याटप्प्यानं सुटला, म्हणून प्रत्यक्षात सरासरी बरीच कमी असणार. पण सरासरी श्वासात जात नसते. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड. तो फरशीलगत पसरतो आणि तिथंच रेंगाळतो. मालक उभा होता, त्याचं नाक साडेपाच फुटांवर. पोरगा उकिडवा, त्याचं नाक दोन फुटांवर आणि बरोबर पट्ट्याच्या वर. एकाच खोलीत एकाला नुसता ठसका लागला आणि दुसरा दवाखान्यात गेला, त्याचं एवढंच स्पष्टीकरण पुरतं.

मालकानं मला नंतर विचारलं, "सर, पण फेस तर चुन्यानंही येतोच ना?" प्रश्न चांगला आहे. शुद्ध विरवलेल्या चुन्यानं फेस येत नाही, नुसतं गरम होतं. फेस येतो सोड्यानं, खडूनं, शहाबादीनं, कारण त्या सगळ्यांत कार्बोनेट आहे. पण हवेत पडून राहिलेला चुना कार्बन डायऑक्साइड ओढून थोडा खडू झालेलाच असतो, त्यामुळं त्यानंही थोडा फेस येतो. शिवाय खाली फरशी स्वतःच फसफसत होती. म्हणजे तीन वेगवेगळ्या क्रियांचा फेस डोळ्यांना एकच दिसत होता. फेसावरून काही कळण्याजोगं नव्हतंच. वासावरून होतं. बॅटरीचं ॲसिड अशा उघड्यावर वास देत नाही, चुना वास देत नाही, सोडा देत नाही. ज्या सांडणीवर काही टाकल्यावर वास सुरू होतो, तिथून उठून जायचं. कसला वास आहे याचा शोध रस्त्यावर उभं राहून घेतला तरी चालतो.

आमचा बारा वाजता सफाईचा बेत ठरला. शटर पूर्ण वर, झरोक्याचा पुठ्ठा बाहेरून काठीनं पाडला, आणि अर्धा तास कुणीही आत गेलं नाही. त्या वेळात हिशेब केला. ग्रॅव्हिटी १.१८ म्हणजे वजनानं साधारण पाव हिस्सा ॲसिड. दोन लिटरचं वजन २.३६ किलो, त्यात ॲसिड सहाशे ग्रॅमला थोडं कमी. ते मारायला खायचा सोडा लागतो किलोभर. कोरडा धुण्याचा सोडा साडेसहाशे ग्रॅम पुरतो. चुना साडेचारशेच. मावशींनी भज्यांसाठी ठेवलेला सोड्याचा पुडा आणून दिला होता, तो शंभर ग्रॅमचा. "एवढ्यानं भागंल?" त्यांनी विचारलं. फरशीनं काही ॲसिड खाल्लं होतं हे धरूनही भागलं नसतं. किराणा दुकानातून दोन किलो आणला.

आमच्याकडं दोन गैरसमज पक्के आहेत. चिमूटभर सोडा टाकला की ॲसिड 'मेलं', हा पहिला. आणि जोरदार मारायचं तर कॉस्टिक टाका, हा दुसरा. कॉस्टिकनं मरतं खरं, पण इतकं तापतं की उडून अंगावर येतं, आणि जास्त पडलं तर ॲसिडच्या जागी कातडी खाणारं दुसरं पाणी फरशीवर उरतं. खायचा सोडा मंद आहे हाच त्याचा गुण. जास्त पडला तरी कुणाचं काही बिघडत नाही. एक किलो सोडा पुरा लागू पडला तर पावणेतीनशे लिटरच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो, तेव्हा फेस तडतडतो आणि त्यातून ॲसिडचे बारीक थेंब उडतात. म्हणून चष्मा हवा, हातमोजे हवेत, आणि सोडा कडेकडेनं आत टाकत न्यायचा, मधोमध ढीग घालायचा नाही. फेस थांबला की अजून एक मूठ. त्या मुठीनंही फेस आला नाही तर ॲसिड संपलं.

आमच्या बाबतीत सोड्याचा आणखी एक फायदा होता. तिथं न भिजलेली टीसीएल उरलेली होती. ॲसिडात क्लोरीन सुटतो, तर अल्कलीत, म्हणजे सोडा-चुन्यासारख्या ॲसिडच्या उलट गुणाच्या पदार्थात, तो पुन्हा बांधलेला राहतो. सोड्यानं ॲसिड गेलं तसा उरलेला वासही दहा-पंधरा मिनिटांत बसला. दुसऱ्या डब्यातला खरा चुना टाकला असता तरी हेच झालं असतं. तो डबा हाताच्या अंतरावर होता.

लाकडाचा भुसा टाकायचा सल्ला तिघांनी दिला. ऑइल सांडलं की गॅरेजात भुसा टाकतात, ते ठीकच आहे. टीसीएलवर मात्र भुसा, ग्रीसचे चिंध्या-बोळे, ब्रेक ऑइल यांतलं काही जाऊ द्यायचं नाही. जलतरण तलावासाठी मिळते ती जास्त ताकदीची क्लोरीन पावडर ब्रेक ऑइलनं थोड्या वेळात स्वतःहून पेट घेते. साधी टीसीएल तितकी तिखट नसते, पण दोन्ही एका फळीवर ठेवायचं कारणच काय?

उरलेला लगदा सुपलीनं भरून प्लॅस्टिकच्या डब्यात घेतला. बॅटरीच्या ॲसिडात शिसं असतं, म्हणून तो गटारात टाकू दिला नाही. जुन्या बॅटऱ्या उचलणाऱ्या भंगारवाल्याकडं, त्या बॅटरीबरोबरच दिला. बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम आहेत, आणि जुनी बॅटरी परत घेण्याची साखळी आपल्याकडं बरी चालते, पण त्यात सांडलेल्या ॲसिडच्या लगद्याचं काय करायचं हे छोट्या दुकानदाराला कुणी सांगत नाही. हे मला खटकतं.

हे प्रकरण वाचून कुणाला वाटेल की आपल्या घरी कुठं बॅटरी आहे. संडास धुण्याची बाटली बघा, तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. कपड्यांची किंवा फरशीची ब्लीचची बाटली बघा, तिच्यात सोडियम हायपोक्लोराइट. दोन्हींनी मिळून 'जास्त स्वच्छ' करू म्हणून एकावर एक ओतणारी माणसं मला माझ्या नात्यातच तीन माहीत आहेत, आणि ती हे दार लावलेल्या न्हाणीघरात, उकिडवं बसून करतात. व्हिनेगर आणि सोडा एकत्र घालून फसफस बघत बसणारेही आहेत. त्यात धोका नाही, पण फायदाही नाही. दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि हाती उरतं खारट पाणी.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमीला मी दुकानात गेलो. पाटावर पाने मांडले होते, हळदकुंकू वाहिलं होतं. आदल्या दिवशी डिझेलनं पुसून लखलखीत केलेल्या पान्यांवर रातोरात तांबूस गंज धरला होता. ओल्या हवेतला क्लोरीन लोखंडाला सोडत नाही. मालक ओशाळून म्हणाला, "पुसायला वेळच नाही झाला, सर." पोराची निळी जीन्स मागं दोरीवर वाळत होती. गुडघ्यावर पांढरे डाग पडले होते ते टीसीएलचे. मांडीवर काही दिसत नव्हतं. मी त्याला सांगितलं, मांडीवर बघ, आठवड्याभरात भोकं पडतील. बॅटरीचं ॲसिड उडून जात नाही. पाणी वाळतं तसं ते कापडात घट्ट होत जातं आणि सुताला खातं. एका धुण्यातच मांडीची जाळी झाली.

महिन्याभरानं परत गेलो तर मोरीजवळ एकच डबा होता आणि वर फळीवर पाच किलोची झाकणाची बरणी, खायच्या सोड्याची. टीसीएल दुकानात ठेवायची नाही असं ठरलं होतं. चुन्याच्या डब्यावर पोरानं ऑइल पेंटनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : 'हा चुना आहे. विचारून घ्या.' मी म्हटलं, अरे, नाव लिहिलंय, मग विचारायचं कशाला? तो म्हणाला, "सर, डबा रंगाचा आहे. उद्या कुणी यात दुसरंच काही भरलं तर?"